वय ४६, पूर्णवेळ नोकरी सोडण्याचा विचार: हिशेबात काय राहून गेले आहे?

भट्टीवाला

नमस्कार. माझे वय ४६ असून कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) मी गुणवत्ता विभागाचा प्रमुख आहे. २००३ मध्ये धातुशास्त्राची पदवी घेऊन याच कंपनीत रुजू झालो आणि त्यानंतर दुसऱ्या कंपनीची पायरी चढलो नाही. कंपनीबद्दल माझी तक्रार नाही. पगार वेळेवर होतो, वरिष्ठ मानाने वागवतात, हाताखालची मुले कष्टाळू आहेत. तरीही पूर्णवेळ नोकरी सोडून मोकळेपणाने जगावे, हा विचार गेली तीन वर्षे डोक्यातून जात नाही, आणि आता तो वहीतल्या हिशेबापर्यंत पोहोचला आहे, म्हणून येथे मांडत आहे.

कारण एका वाक्यात सांगता येणार नाही. सकाळी साडेसातला कंपनीची बस पकडायची, रात्री आठला घरी यायचे, आणि जेवायला बसल्यावर फोन वाजला की तो एखाद्या ग्राहकाकडे आमच्या कास्टिंगमध्ये (ओतीव भागात) ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, निघाल्याचाच असणार, हे घरातल्या सर्वांना पाठ झाले आहे. धाकट्या मुलाने एकदा मित्राला सांगितले की, आमचे बाबा रविवारी राहायला येतात. तो गमतीने बोलला आणि मीही हसलो, पण ते वाक्य मनातून गेले नाही. मी करवीर नगर वाचन मंदिराचा वर्गणीदार आहे. १८५० पासून चालत आलेल्या त्या ग्रंथालयातून गेल्या वर्षभरात मी दोनच पुस्तके घरी आणली आणि त्यातले एक न वाचताच परत केले. वडील ७६ वर्षांचे आहेत. ते रोज संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला जातात, आणि रविवार सोडून इतर कोणत्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेलो होतो, हे मला आठवत नाही.

आता हिशेब सांगतो. भविष्य निर्वाह निधीत ४८ लाख, म्युच्युअल फंडांत ५२ लाख, पीपीएफमध्ये २१ लाख आणि मुदत ठेवींत १४ लाख, असे एकूण १ कोटी ३५ लाख रुपये आहेत. ठेवींपैकी ९ लाख एका नागरी सहकारी बँकेत आणि ५ लाख आमच्या भागातील पतसंस्थेत आहेत. आर. के. नगरमधील घर स्वतःचे असून कर्ज फिटले आहे. पत्नी खासगी शाळेत शिक्षिका आहे आणि तिला दरमहा २२ हजार मिळतात. मुलगी अकरावीत, मुलगा सातवीत. घरखर्च महिन्याला ५५ हजारांच्या आसपास होतो. शिवाय शिरोळ तालुक्यात वडिलोपार्जित दोन एकर ऊस आहे, जो चुलत भाऊ अर्धेलीने करतो.

जमलेल्या रकमेतून वर्षाला ४ टक्के काढत गेल्यास पैसा संपत नाही, असा नियम मी अनेक ठिकाणी वाचला. १ कोटी ३५ लाखांचे ४ टक्के म्हणजे ५ लाख ४० हजार, अर्थात महिन्याला ४५ हजार. त्यात पत्नीचे २२ हजार मिळवले तर ६७ हजार होतात आणि खर्च तर ५५ हजारच आहे. वहीत सगळे जुळते, तरी राजीनामा लिहायला हात धजत नाही. माझ्या हिशेबात काय राहून गेले आहे, हे जाणकारांनी आणि विशेषतः ज्यांनी हा निर्णय प्रत्यक्ष घेतला आहे त्यांनी सांगावे. केवळ धीर देणारे किंवा केवळ भीती घालणारे उत्तर नको आहे.

जमाखर्च

मी शाहूपुरीत करसल्लागार म्हणून काम करतो. आपला हिशेब बेरजेला बरोबर आहे. चूक मांडणीत आहे.

प्रथम त्या ४ टक्क्यांविषयी. हा आकडा विल्यम बेंगेन या अमेरिकन सल्लागाराने १९९४ मध्ये मांडला. तिथल्या शेअर आणि रोख्यांच्या जुन्या परताव्यांवरून त्याने असे काढले की, पहिल्या वर्षी शिलकीच्या ४ टक्के रक्कम काढली आणि पुढे दरवर्षी महागाईइतकी ती वाढवत नेली, तरी पैसा किमान ३० वर्षे पुरतो. यातील ‘३० वर्षे’ हे शब्द बहुतेकांच्या वाचनातून निसटतात. तो हिशेब साठी-पासष्टीला निवृत्त होणाऱ्यासाठी होता. आपण ४६ व्या वर्षी थांबणार असाल तर आपल्याला आणि आपल्या पत्नीला मिळून ४० ते ४५ वर्षे पुरवायची आहेत, तीही भारतातील महागाईत. ६ टक्के महागाई धरली तर खर्च १२ वर्षांत दुप्पट होतो. म्हणजे आजचे ५५ हजार आपल्या ५८ व्या वर्षी १ लाख १० हजार झालेले असतील. माझ्याकडे असा प्रश्न घेऊन येणाऱ्याला मी ३ टक्क्यांच्या वर जाऊ नका असे सांगतो. हा काही शास्त्राचा नियम नव्हे, माझी सावधगिरी आहे.

दुसरे, सगळे १ कोटी ३५ लाख आपले नाहीत. मुलगी दोन वर्षांत पदवीला जाईल, मुलगा तिच्या पाठोपाठ. दोघांच्या शिक्षणासाठी २५ लाख आजच वेगळे काढा आणि वहीच्या दुसऱ्या पानावर लिहा. उलट, एक जमेची बाजू आपण विसरलात, ती ग्रॅच्युइटीची. शेवटचे मूळ वेतन व महागाई भत्ता गुणिले १५ भागिले २६ गुणिले सेवेची वर्षे, असे त्याचे सूत्र आहे. आपले मूळ वेतन ६० हजार धरले तर २२ वर्षांचे सुमारे ७ लाख ६० हजार होतात आणि ही रक्कम करमुक्त मर्यादेच्या आत आहे. ती दवाखान्यासाठी व अडीअडचणीसाठी राखून ठेवा. मग राहतात १ कोटी १० लाख. त्याचे ३ टक्के म्हणजे वर्षाला ३ लाख ३० हजार, महिन्याला साडेसत्तावीस हजार.

तिसरे, आपला खर्च ५५ हजार नाही. वाण्याचे बिल, वीज, शाळेची फी, पेट्रोल, दूध हे दरमहा दिसते. घरफाळा, गाडीचा विमा, दिवाळी, भाच्याच्या लग्नातला आहेर, दहा वर्षांनी बदलावी लागणारी दुचाकी, घराची रंगरंगोटी, वडिलांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया हे दिसत नाही, कारण आजवर ते बोनसमधून किंवा पगारवाढीच्या फरकातून परस्पर भागत आले. त्यात आता वैद्यकीय विम्याचा हप्ता येईल. कंपनीचा गट विमा नोकरीबरोबर संपतो आणि आई-वडिलांचे संरक्षणही त्याबरोबर जाते. स्वतःची स्वतंत्र पॉलिसी नोकरीत असतानाच घ्या. आधीपासूनच्या आजारांसाठी जास्तीत जास्त तीन वर्षांची प्रतीक्षा असते, ती पगार चालू असताना सरू द्या. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के जीएसटी उठला आहे, तेवढाच हातभार. हे सर्व धरून मी आपला खर्च ७० हजार लिहितो.

आता जुळवून पाहा. साडेसत्तावीस हजार आणि पत्नीचे २२ हजार मिळून साडेएकोणपन्नास हजार होतात. तूट साडेवीस हजारांची. ती आपण मोकळेपणी जगत असताना कुठूनतरी यायला हवी, हा आपला खरा प्रश्न आहे. आपल्या अनुभवाच्या माणसाला त्यासाठी महिन्याचे सव्वीस दिवस विकावे लागणार नाहीत, एवढे मला कळते.

किरकोळ पण महत्त्वाचे: सहकारी बँकेतील ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंतच विम्याचे संरक्षण आहे, म्हणजे आपले ४ लाख उघडे आहेत, आणि पतसंस्थेतील ठेवीला तर ते संरक्षण मुळीच नाही. पगारदाराला ही जोखीम पेलते, व्याजावर जगणाऱ्याला नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजना साठीनंतरची, स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्यांसाठी फार तर ५५ नंतरची, त्यामुळे ते दार आपल्याला अजून बंद आहे. निधीतील ४८ लाखांवर ५८ व्या वर्षापर्यंत व्याज मिळत राहील, पण नोकरी सुटल्यानंतरचे व्याज करपात्र असते. आणि निधीबरोबरच्या निवृत्तिवेतनावर फार विसंबू नका. ते प्रत्यक्ष पगारावर नव्हे, मर्यादित वेतनावर मोजतात. ही मर्यादा सप्टेंबर २०१४ पर्यंत ६,५०० होती, नंतर १५ हजार झाली. २२ वर्षांच्या सेवेचे ५८ व्या वर्षी महिना साडेतीन हजारांच्या आगेमागे काही मिळेल. पन्नाशीपासूनही घेता येते, पण अलीकडे ओढलेल्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के घट होते.

शिरोलीकर

मी हा निर्णय घेतला आहे, म्हणून लिहितो. जून २०१९ मध्ये, ४७ व्या वर्षी, एका मशिन शॉपमधील उत्पादन व्यवस्थापकाची नोकरी सोडली. माझीही वही होती आणि तीही जुळत होती.

नोकरी सोडून दोन महिने झाले नाहीत तोच ऑगस्टमध्ये पंचगंगेचा महापूर आला. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि ज्या तीन लघुउद्योजकांनी सल्ल्यासाठी बोलावतो म्हटले होते, त्यांच्यापैकी दोघांच्या यंत्रांत गाळ शिरला. मी सल्ला द्यायला नव्हे, मोटारी सोडवून धुवायला गेलो आणि त्याचे पैसे मागण्याचा प्रश्नच नव्हता. त्यातून सावरतो तोच मार्च २०२० उजाडला. जानेवारीतील उच्चांकापासून सेन्सेक्स दोन महिन्यांत तिसऱ्या हिश्श्याहून अधिक खाली आला होता, आणि नेमक्या त्या दिवसांत घरखर्चासाठी मला फंडाचे युनिट विकावे लागले. बाजार पुढे वर गेला, पण जे युनिट विकले ते वर जायला माझ्याकडे उरले नव्हते. जमाखर्च यांनी सांगितलेल्या आकडेमोडीत मी एवढीच भर घालीन की, दोन वर्षांचा खर्च बाजाराबाहेर, साध्या ठेवीत असल्याशिवाय राजीनामा देऊ नये. सरासरी परतावा किती, यापेक्षा पहिली दोन-तीन वर्षे कशी जातात यावर पुढचे सगळे ठरते. हे मी पुस्तकात वाचले होते. कळले मात्र युनिट विकताना.

सल्ल्याच्या कामाबद्दल. आपल्यासारख्या माणसाला उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव या टापूत काम मिळेल, याविषयी मला शंका नाही. वाळूची चाचणी नीट न करता ‘यंदा रिजेक्शन वाढले’ म्हणणाऱ्या लहान फाउंड्र्या कमी नाहीत आणि त्यांना पूर्णवेळ धातुशास्त्रज्ञ परवडत नाही. अडचण काम मिळण्याची नाही, मोबदला मागण्याची आहे. आपल्याकडे ‘साहेब, जरा येऊन बघून जावा की’ या वाक्यात फी धरलेली नसते. गेले की चहा होतो, मिसळ होते, माणसे जिव्हाळ्याने बोलतात, त्यांच्या साच्यातला दोष आपण दाखवून देतो आणि निघताना पैशांचा विषय काढणे हा त्या जिव्हाळ्याचा अपमान वाटतो. पहिल्या वर्षी मी अशा सव्वीस भेटी दिल्या आणि सातांचे पैसे घेतले. नंतर भेटीचा दर आधी कळवायला लागलो. काही जण दुरावले. जे राहिले ते पैसे देतात आणि सांगितलेले करूनही पाहतात, कारण त्याला किंमत मोजलेली असते. लघुउद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी करून ठेवा. सूक्ष्म व लघुउद्योगांचे देणे ४५ दिवसांच्या आत चुकवावे असा कायदा आहे आणि सल्लासेवा देणाराही त्यात बसतो. त्याचा उल्लेख बिलावर छापलेला असला तरी पुष्कळ काम होते, भांडावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला कोणी सांगितली नव्हती. मंगल कार्यालयात जेवणाच्या रांगेत माणसे विचारतात, ‘सध्या कुठे?’ पंचवीस वर्षे या प्रश्नाला माझ्याकडे दोन शब्दांचे उत्तर होते. पहिले वर्षभर मी पाच-पाच मिनिटे खुलासा करीत उभा राहत असे आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर ‘याला काढले असणार’ हे स्पष्ट दिसत असे. आता मी ‘शिरोलीतच असतो’ म्हणून पुढे सरकतो.

पश्चात्ताप आहे का, असे आपण विचारलेले नाही, पण विचाराल. नाही. मात्र मी आज आठवड्यातून चार दिवस काम करतो. शून्य दिवस काम करून पाहिले होते, पाच महिने. त्या पाच महिन्यांतही पहाटे साडेपाचलाच जाग यायची आणि नऊ वाजता, पेपर वाचून झाल्यावर, उरलेला दिवस अंगावर यायचा.

एक वाचक

माफ करा, पण दोन मुलांचे शिक्षण डोळ्यांपुढे असताना याला निवृत्ती म्हणणे मला पटत नाही. तीन महिन्यांची बिनपगारी रजा मागा. कंपनीने दिली तर मोकळे जगणे कसे असते ते कळेल. नाही दिली तर बावीस वर्षांनंतर कंपनीत आपली किंमत काय, तेही कळेल. राजीनामा काय, त्यानंतरही देता येतो.

खोडवा

वरील चर्चेत आपल्या दोन एकरांविषयी कोणी बोलले नाही, म्हणून मी लिहितो. मी शिरोळ तालुक्यातच शेती करतो. त्याआधी नऊ वर्षे इचलकरंजीत एका प्रोसेसिंग युनिटच्या कार्यालयात होतो.

आपण ऊस जमेच्या बाजूला नुसता ‘शिवाय’ म्हणून लिहिला आहे. तो तसाच राहू द्या, आकडा लिहू नका. आडसाली लागण जून ते ऑगस्टमध्ये होते आणि तोड यायला सोळा ते अठरा महिने लागतात. माझ्या शेतात एकरी चाळीस टनांच्या वर गेले तर मी वर्ष चांगले मानतो. त्यातून बियाणे, खत, भरणी, पाणी संस्थेची पट्टी वजा जाऊन जे राहते, त्यातील निम्मे आपल्या चुलत भावाचे. उसाचे बिल ऊस कारखान्याला पोहोचल्यापासून चौदा दिवसांत द्यावे, असे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. पण त्याच्या आधी ऊस तुटायला हवा, आणि तोडणी कामगारांची टोळी कधी येणार हे चिटबॉयच्या (तोडणीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या) आणि टोळीच्या मुकादमाच्या हातात असते. २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत माझा नदीकडचा तुकडा पाण्याखाली होता. शेंड्यापर्यंत पाणी आठवडाभर राहिले की उसाचे काय होते, ते आपल्या भावाला विचारा.

आपण मोकळे झाल्यावर शेत स्वतः करू, असे मनात असेल तर आणखी एक सांगतो. शेतीपंपाची वीज रात्रपाळीची असेल त्या आठवड्यात मध्यरात्री बॅटरी घेऊन पाणी पाजायला जावे लागते. फाउंड्रीच्या फोनपेक्षा ते बरे की वाईट, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला बरे वाटते. पण त्याला मोकळा वेळ म्हणत नाहीत. आणि इतकी वर्षे अर्धेलीने करणाऱ्या भावाच्या हातून जमीन काढून घेताना घरात जे होते, त्याचा हिशेब कोणत्याही वहीत बसत नाही.

कळंबा रोड

माझ्या यजमानांनी ४९ व्या वर्षी बँकेतील नोकरी सोडली. त्याला आता सहा वर्षे झाली. त्यांचा हिशेब चुकला नाही, पैसे कमी पडले नाहीत, तेव्हा मी पैशांविषयी बोलत नाही.

घरी असलेला पुरुष हा आपल्या समाजात सगळ्या गोतावळ्याचा हक्काचा माणूस असतो. पहिल्याच महिन्यात सासूबाईंच्या माहेरच्या एका वृद्धांना सीपीआर रुग्णालयात दाखल केले, तेव्हा रात्री थांबायला ‘भाऊजी रिकामेच आहेत’ म्हणून यांना बोलावले. मग कोणाचा सात-बारा काढायचा, कोणाला रेल्वे स्थानकावर सोडायचे, कोणाच्या मुलाच्या प्रवेशासाठी विद्यापीठात खेटे घालायचे. नकार द्यायला पूर्वी ‘ड्युटी आहे’ हे दोन शब्द पुरत असत. आता प्रत्येक नकाराला कारण द्यावे लागते आणि कारण दिले की ते मोडून काढता येते. यांनी ज्या मोकळ्या वेळासाठी नोकरी सोडली, त्यातला निम्मा असा गेला. मी त्याला वाईट म्हणत नाही, कारण त्यात पुण्याई आहे. पण ते यांनी योजलेले नव्हते.

दुसरे माझ्या बाजूचे. मी एका सरकारी कार्यालयात काम करते. सकाळी डबा करून मी बाहेर पडत असे आणि घर दिवसभर सासूबाईंचे असे. यजमान घरी राहू लागल्यावर दुपारचे गरम जेवण, मधला चहा, येणाऱ्या-जाणाऱ्यांची उठबस हे सारे वाढले. हळूहळू यांनी स्वयंपाकघरात लक्ष घातले आणि आज आमटी ते माझ्यापेक्षा बरी करतात, पण त्याला दोन वर्षे आणि बरीच भांडणे लागली.

आता भट्टीवाला यांना एकच विचारते. आपल्या लेखनात पत्नीचे २२ हजार दोन वेळा आले आहेत आणि उत्तर देणाऱ्यांनीही ते धरूनच हिशेब मांडले. त्या शाळेत किती वर्षे आहेत, त्यांचे वय काय, घसा आणि पाय काय म्हणतात, त्यांना पुढे किती वर्षे फळ्यासमोर उभे राहायचे आहे, यांतले काहीच आपण लिहिलेले नाही. कदाचित आपण विचारले असेल आणि येथे लिहायचे राहिले असेल. विचारले नसेल तर राजीनाम्याआधी विचारा. त्यांच्या पगारावर आपला मोकळेपणा उभा राहणार आहे.

भट्टीवाला

उत्तरांसाठी सर्वांचे आभार. लिहायला तीन आठवडे लावले, कारण काही गोष्टी करून मगच लिहावे असे वाटले.

पतसंस्थेतील ठेव मुदत संपताच काढून राष्ट्रीयीकृत बँकेत ठेवली. आरोग्य विम्याचे दोन अर्ज भरले, आमचा चौघांचा वेगळा आणि आई-वडिलांचा वेगळा. शिरोळला जाऊन आलो. चुलत भावाजवळ जमिनीचा विषय काढण्यासाठी गेलो होतो आणि न काढताच परतलो. खोडवा यांनी लिहिले ते सगळे त्याच्या अंगणात बसल्यावर दिसले.

कंपनीत वरिष्ठांपुढे आठवड्यातून तीन दिवस काम करण्याचा विषय काढला. मनुष्यबळ विभागाने ‘असे पद आपल्या रचनेत नाही’ असे सांगितले. मालकांनी मात्र हसण्यावारी नेले नाही. मार्चअखेरचा माल निघून गेल्यावर बोलू म्हणाले. त्यांच्या बोलण्यातून एवढे दिसले की, रात्रीचे फोन घेणारा दुसरा माणूस मी आधी तयार करावा. बावीस वर्षांत मी तो केला नाही, ही चूक कंपनीची नव्हे, माझी आहे.

कळंबा रोड यांचा प्रश्न वाचून मी दोन दिवस गप्प होतो, कारण मी खरोखरच विचारले नव्हते. विचारले तेव्हा पत्नी म्हणाली, ‘शाळा सोडायचा विचार माझ्या मनात चार वर्षांपासून आहे. साठ मुलांच्या वर्गात ओरडून घसा बसतो, तो सुट्टीतही उघडत नाही. पण तुमच्या वहीत माझा पगार पहिल्या ओळीत लिहिलेला दिसला, म्हणून बोलले नाही.’ वही मी उघडीच टेबलावर ठेवत होतो.

त्यामुळे ते २२ हजार आम्ही खोडले आणि पुन्हा मांडले. जमाखर्च यांच्या पद्धतीने तूट आता साडेबेचाळीस हजारांची होते. ती भरायची तर मला मुलीचे पदवीचे पहिले वर्ष पूर्ण होईपर्यंत, म्हणजे सुमारे तीन वर्षे, पगाराच्या आधारानेच राहावे लागेल, मग तो पाच दिवसांचा असो की तीन दिवसांचा. पहिला राजीनामा माझा नसेल, तिचा असेल, असे ठरले आहे. तिला खासगी शिकवणीत आठ-दहा मुले घेऊन घरी शिकवायचे आहे, आणि तेही तिच्या मनात असेल तेव्हा.

जमाखर्च यांना एक प्रश्न उरतो. तिच्या शाळेत निधी नियमित भरला जातो आणि या महिन्यात तिची नऊ वर्षे चार महिने पूर्ण झाली. निवृत्तिवेतनाला दहा वर्षे लागतात असे ऐकतो. तिने आठ महिने थांबावे का? आणि शिक्षकांना ग्रॅच्युइटी मिळते का?

जमाखर्च

आठ नव्हे, दोन महिने पुरतील. निवृत्तिवेतनाच्या सेवेत सहा महिने किंवा त्याहून अधिक उरलेला भाग पूर्ण वर्ष धरतात, त्यामुळे नऊ वर्षे सहा महिने झाली की ती दहा मोजली जातात. मात्र बिनपगारी रजेचे दिवस त्यातून वजा होतात, म्हणून पासबुकातील रुजू झाल्याची तारीख आणि अशा रजा तपासून, वर एखादा महिना हाती ठेवूनच राजीनाम्याची तारीख घाला. निवृत्तिवेतनाच्या खात्यातील रक्कम काढण्याचा अर्ज भरू नका. त्याऐवजी झालेली सेवा नोंदवून ठेवणारे योजना प्रमाणपत्र मागा.

ग्रॅच्युइटी शिक्षकांनाही लागू आहे. २००९ च्या दुरुस्तीने त्यांचा समावेश झाला, तोही एप्रिल १९९७ पासून मागील प्रभावाने. पाच वर्षांची अट त्यांनी केव्हाच ओलांडली आहे. शाळा ‘आमच्याकडे तशी पद्धत नाही’ म्हणाली तर अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.